एका घराचं एकच मत? न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रसंग घडला. मंडळाचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्या नियमामुळे तो घडला तो काही एकाच मंडळाचा नाही, आणि ज्यांनी तो नियम पाळला ती सगळी माझी जवळची माणसं आहेत.

विषय अगदी घरगुती होता. गणपतीला मोठा हॉल घ्यायचा की दरवर्षीचाच ठेवायचा? मोठ्या हॉलचं भाडं जवळजवळ दुप्पट, पण पार्किंग भरपूर. जुन्या हॉलला पार्किंगची मारामार, पण स्वयंपाकघरात चार शेगड्या. सव्वाशे माणसांचे उकडीचे मोदक करायचे तर चार शेगड्या लागतातच, हे मोदकपात्रापाशी उभं राहिलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. हात वर करून मतं घ्यायचं ठरलं. माझ्या नवऱ्याने मोठ्या हॉलसाठी हात वर केला. जुन्या हॉलची पाळी आली तेव्हा मी केला. चिटणीस मोजत मोजत माझ्यापाशी आले, पेन थांबवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरचं मत झालं."

मी म्हटलं, "ते यांचं झालं. हे माझं."

त्यांनी मंडळाच्या घटनेची प्रत उघडून दाखवली. कौटुंबिक सभासदत्वाला सभेत एक मत. नवरा म्हणाला, "मग माझं काढा, हिचं धरा." पण अर्जावर मुख्य सभासद म्हणून त्याचं नाव, म्हणून मतही त्याचंच धरायचं. पाठीमागून कुणीतरी "आता घरी जाऊन ठरवा" म्हणालं, चार जण हसले आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. मोठा हॉल मंजूर झाला.

हॉलचं मला काही वाटलं नाही. गणपती छान झाला, मोदकही झाले. वाटलं ते हात खाली घेताना. माझ्या शेजारी बसलेल्या तिघींनी हात वरच केले नव्हते. त्यांना नियम आधीपासून ठाऊक होता.

आणि हे घडलं न्यूझीलंडमध्ये. म्हणून हे पत्र.

तुमच्यापैकी कुणाच्या पाकिटात दहा डॉलरची नोट असेल तर ती काढून बघा. त्या निळ्या नोटेवर केट शेपर्ड आहेत आणि त्यांच्या सोबत पांढरी कॅमेलिया फुलं. आपण ती नोट भाजीच्या दुकानात देतो, मुलांच्या हातात खाऊला ठेवतो. मीही कितीतरी वर्षं ती बाई कोण, हे न विचारता ती नोट वापरली. सभेनंतरच्या आठवड्यात मी वेलिंग्टनला मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत गेले. तिथे 'हे तोहू' नावाचं दालन आहे. आत मंद प्रकाश, लाकडी भिंती आणि काचेखाली तीन दस्तऐवज: १८३५ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १८४० चा वाइतांगी करार आणि १८९३ चा स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज.

अर्ज म्हटल्यावर मला एक-दोन पानांचा कागद वाटला होता. हे कागदाचं भेंडोळं आहे. वेगवेगळ्या गावांतून सह्या होऊन आलेले शेकडो कागद या चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड यांनी एकाला एक डकवले आणि झाडूच्या दांड्यावर गुंडाळले. उलगडलं तर २७० मीटरांहून लांब. काचेखाली त्याचा जेवढा भाग दिसतो तेवढ्यापाशी मी बराच वेळ उभी होते. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला पत्ता. एखादं अक्षर शाळेत गिरवल्यासारखं गोल आणि सुबक, त्याच्याच खाली एखादी सही घाईची, उजवीकडे कललेली, जणू शेगडीवर दूध ठेवून ती बाई दारापाशी आली असावी. कोणाची शाई फिकट झाली आहे, कोणाची अजून काळीभोर. प्रत्येक ओळीत एक बाई, आणि तिच्यापुढे तिचा पत्ता. एकाच पत्त्यावर दोन नावं असतील तर दोन ओळी.

मी तिथे आमच्या मंडळाचा सभासदत्वाचा अर्ज आठवत होते. त्यावर एक ओळ आहे: 'सौ. व श्री.' आणि पुढे रिकामी जागा. त्या जागेत नवऱ्याचं नाव लिहिलं की बायकोचं काम झालं.

या देशात मत कुणाचं, हा प्रश्न एकदम सुटला नाही, आणि तो कसा सुटला हे मंडळांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. १८५३ साली इथे वसाहतीच्या संसदेची पहिली निवडणूक झाली. मत द्यायला पुरुष असावं लागे, वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागत आणि ठरावीक किमतीची जमीन किंवा ठरावीक भाड्याचं घर स्वतःच्या नावावर असावं लागे. एखाद्याची जमीन चार मतदारसंघांत असेल तर त्याला चारही ठिकाणी मत देता येई. म्हणजे मत माणसाचं नव्हतं, जमिनीचं होतं. इथले मूळ रहिवासी माओरी, त्यांच्या पुरुषांना कायद्याने बंदी नव्हती, पण त्यांची जमीन कुळाच्या सामाईक मालकीची. एकट्याच्या नावावर काही नाही, म्हणून मत नाही. हे वाचलं तेव्हा मी थबकले. सगळ्यांचं मिळून एक आहे, म्हणून त्यातल्या एकेकाचं वेगळं धरायचं नाही, ही युक्ती तेव्हाचीच आहे.

मग १८६७ साली माओरींसाठी चार जागा झाल्या आणि त्यांच्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं. १८७९ साली मालमत्तेची अट गेली. १८८९ साली एका माणसाला अनेक मतं ही प्रथा बंद झाली. दरवेळी मत जमिनीपासून थोडं थोडं सुटत माणसापाशी येत होतं. उरल्या होत्या बायका.

त्यांच्या बाजूने पहिलं ठळक लेखन झालं तेही असंच खुलं आवाहन होतं. १८६९ साली मेरी अॅन म्युलर यांनी न्यूझीलंडच्या पुरुषांना उद्देशून एक पत्रक लिहिलं. नाव घातलं 'फेमिना'. नवरा सरकारी अधिकारी होता आणि त्याला बायकोची ही मतं पसंत नव्हती, म्हणून खरं नाव झाकावं लागलं. एकाच छपराखाली दोन माणसांची दोन मतं होती, आणि त्यातलं एक टोपणनावाने बाहेर पडत होतं. जे एका घराचं एक मत म्हणतात त्यांनी हे घर एकदा डोळ्यांसमोर आणावं. म्युलरबाई १९०१ पर्यंत जगल्या. कायदा झालेला त्यांनी पाहिला.

१८८५ साली अमेरिकेतल्या स्त्रियांच्या ख्रिस्ती दारूबंदी संघाच्या मेरी लेविट इथे आल्या आणि त्यांच्या भाषणांतून न्यूझीलंडमध्ये त्या संघाच्या शाखा उभ्या राहिल्या. दारूने घरं बुडत होती, आणि दारूबद्दलचे कायदे करणाऱ्या सभागृहात बायकांचं कुणी नव्हतं. मताधिकाराची चळवळ तिथून जोरात सुरू झाली. याच संघाशी आपल्या पंडिता रमाबाईंचा संबंध आला. त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, संघाच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि तिथल्या स्त्रियांनी उभारलेल्या संस्थांबद्दल त्यांनी परत आल्यावर, १८८९ साली, मराठीत पुस्तक लिहिलं. तेव्हा ही काही परक्यांची गोष्ट म्हणून ऐकू नका. ज्या संघाच्या बायका इथे सह्या गोळा करत दारोदार फिरत होत्या, त्याच संघाच्या व्यासपीठांवर आपल्या रमाबाई बोलल्या होत्या.

शेपर्डबाई आणि त्यांच्या सोबतिणींनी तीन वर्षं ओळीने अर्ज केले. १८९१ साली ९,००० च्या वर सह्या. १८९२ साली जवळजवळ २०,०००. १८९३ साली जवळजवळ ३२,०००, म्हणजे त्या वेळच्या युरोपीय वंशाच्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे पाव हिस्सा. फोन नाही, गाडी नाही. पायी, घोड्यावर, आगगाडीने, एकेक दार. विरोधकही गप्प नव्हते. ड्युनेडिनचे खासदार हेन्री फिश यांनी पगारी माणसं ठेवून दारूच्या गुत्त्यांतून उलट अर्जावर सह्या घेतल्या. त्यातल्या काही खोट्या निघाल्या, काही फसवून घेतलेल्या.

२८ जुलै १८९३ रोजी माजी पंतप्रधान सर जॉन हॉल ते भेंडोळं घेऊन सभागृहात गेले. त्यांनी एक टोक हातात धरलं आणि भेंडोळं मधल्या वाटेवर सोडून दिलं. कागद उलगडत उलगडत गेला आणि झाडूचा दांडा समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला.

त्यापुढचं राजकारण थोडं सविस्तर सांगते, कारण त्यातून एकेका मताची किंमत कळते. विधेयक खालच्या सभागृहात मंजूर झालं, पण खरी लढाई वरच्या सभागृहात होती. स्त्री-मताधिकाराच्या बाजूचे पंतप्रधान जॉन बॅलन्स एप्रिलमध्ये वारले होते. त्यांच्या जागी आलेले रिचर्ड सेडन दारू-व्यापाऱ्यांचे मित्र. वरचं सभागृह विधेयक पाडेल अशी त्यांची अटकळ होती. मतं मोजून पाहिली तर एक कमी पडत होतं, म्हणून त्यांनी आपल्याच पक्षाच्या एका सभासदाला मत बदलायला राजी केलं. हा हस्तक्षेप विरोधी बाजूच्या विल्यम रेनॉल्ड्स आणि एडवर्ड स्टीव्हन्स या दोघांना इतका झोंबला की, दोघेही विधेयकाच्या विरोधात असून त्यांनी बाजूने मत दिलं. ८ सप्टेंबरला विधेयक २० विरुद्ध १८ असं मंजूर झालं. जे पाठिंब्याला उभे राहिले त्यांच्या कोटावर पांढरी कॅमेलिया, विरोध करणाऱ्यांना लाल. विरोधकांनी गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांच्याकडे सही रोखण्याची विनंती केली. १९ सप्टेंबरला त्यांनी सही केली.

निवडणूक नोव्हेंबरच्या २८ तारखेला. याद्या बंद व्हायला सहा-एक आठवडे. तेवढ्या वेळात १,०९,४६१ बायकांनी नावं नोंदवली, प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ८४ टक्के. आणि त्यातल्या ९०,२९० जणींनी मत दिलं. म्हणजे नोंदलेल्या बायकांपैकी सुमारे ८२ टक्के. नोंदलेल्या पुरुषांपैकी आले ७० टक्के. बायकांना राजकारणात रस नाही असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्यांना याहून सरळ उत्तर असू शकत नाही.

मतदानाच्या दिवशी अर्धवट प्यालेले आडदांड पुरुष बायकांना धक्काबुक्की करतील, अशी भीती विरोधकांनी घातली होती. तसं काही झालं नाही. तोवरची सगळ्यांत शिस्तीची निवडणूक असं तिचं वर्णन झालं. ख्राइस्टचर्चच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं की रस्ते बागेतल्या समारंभासारखे दिसत होते, आणि बायकांच्या सुंदर पोशाखांनी नि हसऱ्या चेहऱ्यांनी मतदान केंद्रं उजळली. मला या बातमीचा राग येतो. माझ्या डोळ्यांसमोर येते ती बाई, जिने आयुष्यात पहिल्यांदा एका टेबलापुढे उभं राहून अनोळखी अधिकाऱ्याला आपलं नाव सांगितलं, त्याने ते यादीत शोधलं आणि ते तिथे होतं. मग आडोशाला जाऊन तिने कागदावरची नको असलेली नावं खोडली, कारण तेव्हा मत तसंच द्यायचं, आणि जे ठेवलं ते कुणाला दाखवलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. १८७० पासून इथे गुप्त मतदान होतं. त्या आडोशात घर संपत होतं आणि बाई एकटी होती. हेन्री फिश त्या निवडणुकीत पडले.

मात्र हा आडोसा सगळ्यांना मिळाला नाही, तेही सांगायला हवं. माओरी मतदारसंघांत मतदान २० डिसेंबरला झालं. तिथे मतदारयादी नव्हती आणि गुप्त मतदानही नव्हतं. अधिकाऱ्यासमोर उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं. सुमारे ४,००० माओरी स्त्रियांनी तसं मत दिलं. ही पद्धत पुढे १९३० च्या दशकापर्यंत चालली. इथे राहणाऱ्या चिनी लोकांना परके ठरवून मतापासून दूरच ठेवलं होतं, बाई असो की पुरुष. आणि त्याच वर्षी मे महिन्यात हेस्टिंग्जजवळ वाइपातू इथे भरलेल्या माओरींच्या स्वतःच्या संसदेत मेरी ते ताई मांगाकाहिया उभ्या राहिल्या. त्यांनी स्त्रियांसाठी नुसतं मत मागितलं नाही, सभासद होण्याचा हक्कही मागितला. त्यांचं म्हणणं असं की आमच्या बायका जमिनीच्या मालकिणी आहेत, ती सांभाळतात, मग त्यांच्या वतीने दुसऱ्याने का बोलावं? वेलिंग्टनच्या संसदेने स्त्रियांना उभं राहण्याचा हक्क दिला तो १९१९ साली, आणि पहिली स्त्री, एलिझाबेथ मकोम्ब्स, निवडून आली ती १९३३ साली.

आता आपल्याकडे वळते. मुंबई इलाख्यात बायकांना कायदेमंडळासाठी मत मिळालं १९२१ साली, तेही मालमत्तेच्या अटीवर. सगळ्यांना मिळालं ते स्वतंत्र भारतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार झाल्या तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव लिहिलं जाईल तरच ती बाई मतदार. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. ते कठोर होतं, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी नावं सांगितली.

आपल्याकडे नाव घेणं म्हणजे उखाणा. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला, मंडळाच्या मकरसंक्रांतीला मीही आवडीने घेते. पण त्यात बाई घेते ते नवऱ्याचं नाव, यमकात बसवून. तिचं स्वतःचं नाव कुणी विचारत नाही, आणि मंडळाच्या यादीत तर ते 'सौ.' या एका अक्षराआड गेलेलं असतं. मागच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मी वीस-बावीस वर्षांच्या ओळखीच्या एका बाईंना त्यांचं पहिलं नाव विचारलं. आम्ही कायम त्यांना त्यांच्या आडनावाच्या काकू म्हणत आलो. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, "इथे कुणी विचारलं नव्हतं गं."

नियमाच्या बाजूने जे बोललं जातं ते मी ऐकलं आहे आणि त्यातला एक मुद्दा मला रास्त वाटतो. कुटुंबाची वर्गणी एकट्या सभासदाच्या वर्गणीपेक्षा थोडीशीच जास्त. मग कुटुंबाला दोन मतं दिली तर एकटे राहणारे विद्यार्थी, नवीन आलेली मुलंमुली, जोडीदार गमावलेले ज्येष्ठ यांच्यावर अन्याय होतो. बरोबर आहे. पण ही अडचण वर्गणीची आहे. वर्गणी डोई ठरवा. आम्ही दोघं दोघांची भरू. वर्गणी वाचावी म्हणून मत सोडायला मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी वर्गणी भरली असती.

दुसरा मुद्दा असा मांडतात की नवराबायको शेवटी एकच मत देतात, मग दोनदा कशाला मोजायचं. हा मुद्दा १८९३ सालीही मांडला गेला होता, आणि त्याच्या जोडीला लगेच उलटाही: बायकोने वेगळं मत दिलं तर घरात भांडणं होतील. दोन्ही एकाच तोंडाने. आमच्या घरात हॉलवरून भांडण झालं नाही. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "शेगड्यांचं मला आधी सांगायचंस." मी म्हटलं, "सभेत सांगणारच होते."

तिसरं, हळू आवाजात बोललं जाणारं कारण म्हणजे इतक्या लहान गोष्टीवर एवढं काय. मंडळ म्हणजे काही संसद नाही. नाहीच. पण परक्या मुलखात आपली भाषा, आपला सण, मुलांची मराठी शाळा, कुणाच्या घरी दुःख झालं तर डबे कुणी द्यायचे, हे सगळं मंडळात ठरतं. इथे नव्याने आलेली मुलगी पहिल्यांदा आपल्या माणसांत बसते ती मंडळाच्या सभेत. ती तिथे हात खाली ठेवायला शिकावी, हे मला सहन होत नाही.

आणि या देशाने आपल्याशी कसं वागायचं ठरवलं आहे, तेही बघा. १९७५ पासून इथे मत द्यायला नागरिक असणं गरजेचं नाही. रेसिडेंट व्हिसा असेल, वय अठरा पूर्ण असेल आणि कधीतरी सलग बारा महिने इथे राहणं झालं असेल, तर यादीत नाव घालता येतं. घालता येतं म्हणजे काय, घालणं कायद्याने बंधनकारक आहे. उमेदवार म्हणून उभं राहायला मात्र नागरिकत्व लागतं. म्हणजे आपल्यातल्या रेसिडेंट मंडळींचा हक्क बरोबर १८९३ च्या बायकांएवढा आहे: मत आहे, उमेदवारी नाही. त्यांनी सहा आठवड्यांत काय केलं ते वर सांगितलंच. आपल्यातल्या किती जणांना हे माहीतच नाही! "आपण कुठे अजून सिटिझन झालोय" असं म्हणून दहा-दहा वर्षं घरी बसलेले लोक मला भेटले आहेत. भारतातलं मत द्यायचं तर तिथे जाऊन द्यावं लागतं, आणि इथलं द्यायचं तर यादीत नाव नाही. दोन देश आणि एकही मत नाही.

मतदान केंद्रावर इथे ओळखपत्रसुद्धा मागत नाहीत. टेबलापुढे उभं राहायचं, नाव आणि पत्ता सांगायचा. अधिकारी यादीत बोट फिरवून नाव शोधतो. मग दोन मतं, एक पक्षाला आणि एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला, पुठ्ठ्याच्या आडोशात, केशरी पेनाने. तिथे कुणी विचारत नाही की तुमच्या घरचं झालं का.

तर मंडळांकडे माझं मागणं असं आहे. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी आपापली घटना काढून बघा. ज्यांच्याकडे प्रत्येक प्रौढ सभासदाला मत आहे त्यांना माझा नमस्कार. त्यांनी आपली घटना शेजारच्या मंडळाला पाठवावी. ज्यांच्याकडे कुटुंबाला एक मत आहे त्यांनी ते कलम बदलावं. अर्जावरची 'सौ. व श्री.' ही एक ओळ काढून दोन ओळी कराव्यात, दोन्हींत पूर्ण नाव, आणि 'मुख्य सभासद' हा शब्द जाऊ द्यावा. मोठी मुलं, सोबत राहणारे आईवडील, सासूसासरे यांचाही त्यात विचार व्हावा. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाची स्वतःची ओळ असावी. आणि गणपतीच्या मंडपात, चपला काढतो तिथून प्रसादाच्या रांगेपर्यंतच्या वाटेवर, एक टेबल मांडावं. त्यावर देशाच्या मतदारयादीचे अर्ज आणि ते मराठीत समजावून सांगणारी दोन माणसं. त्या टेबलावर मी बसेन. आरतीला उठेन, परत येऊन बसेन.

आमच्या मंडळासाठी मी ठरावाचा मसुदा केला आहे. तोच या पत्रासोबत सर्वांना पाठवते आहे. शब्द बदलून कुणीही वापरावा. कलम अर्ध्या पानाचं आहे. घटनेप्रमाणे ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि दोघंही मतदानाचा हक्क असलेले सभासद हवेत. आजच्या नियमाने मी तशी सभासद नाही. म्हणून सूचक म्हणून नवऱ्याने सही केली आहे, आणि तिच्याखाली मी माझं नाव पूर्ण लिहून सही केली आहे. चिटणिसांनी ती धरावी की नाही हे सभेने ठरवावं. अनुमोदकाची ओळ अजून रिकामी आहे.